उत्तरेचा माळ आणि आनेश्का

११ मार्च

आज आनेश्काला मारायचं होतं. मेली नाही!

सकाळी शेगडीत लाकडं सारली, कॉफी केली आणि दहाव्या प्रकरणाशी बसले. सगळी तयारी झालेली — बर्फाचं वादळ, टेकडीच्या पोटात खोदलेलं घर, नवरा पीठ आणायला गेलेला, आणि ही समुद्रापलीकडच्या बोहेमियाहून आलेली विशीतली पोर एकटी. वाऱ्याचा आवाज डोक्यात जातो, दार उघडते, चालायला लागते, संपते. एवढंच लिहायचं होतं. दुपार झाली तरी बया दाराशी उभी. कडीला हात लावून. उघडेचना.

शेवटी मीच दार उघडून बागेत गेले. वाक्य अडलं की मी तण उपटते, पण मार्चमध्ये तणसुद्धा नाही. रुबार्बच्या भाजीवरचा पेंढा जरा बाजूला केला. खाली लालभडक कोंब — मुठी आवळलेल्या. परत पांघरूण घातलं.

संध्याकाळी न्यूयॉर्कहून कॉर्लिसचा फोन. माझी पुस्तकं तीच छापते. "काय, मेली का?" "आज नाही." "वाचक रडले पाहिजेत हं, आर्डिस. माळावरची बाई सुखात राहिली तर पुस्तक कोण विकत घेणार?"

हसत म्हणाली. पण थट्टा नव्हती ती.

१३ मार्च

मिलो जेवायला आला. खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, केले होते, आईसारखे. आठ खाल्ले आणि म्हणतो, "आईच्यात सारण जास्त असायचं."

पाठचा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. ओढ्यापलीकडे राहतो, एकटाच. त्याची बायको गेली, मी लग्नच केलं नाही. मूलबाळ दोघांनाही नाही. जमीन मात्र दोघांच्या नावावर.

कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता: "विचिटाचा माणूस परत आला होता. शहरातला, जमिनी घेणारा."

उत्तरेचा माळ हवाय त्याला. तुकडे पाडणार, शनिवार-रविवारची घरं बांधणार, प्रत्येकाला एक तळं!

"आपल्यामागे कोण बघणार आहे, आर्डे? तसंही सीडरनं माळ गिळलाय."

"गिळणारच! तू पेटवू देत नाहीस ना!"

बोलले आणि जीभ चावली. त्यानं उजवा हात डाव्यावर ठेवला. मागे एकदा माळ पेटवताना वारा फिरला आणि तो डावा हात भाजला. बोटं पुरती वळत नाहीत. वसंतात माळ पेटवला की सीडरची रोपं जळतात आणि गवत नव्यानं फुटतं; पण तेव्हापासून उत्तरेच्या माळावर काडी पेटलेली नाही, आणि गवताच्या जागी सीडरची काळी झुडपं वाढतायत.

टोपी घालून गेला. उरलेले कोलाचे मात्र घेऊन गेला!

१४ मार्च

एक ओळ लिहिली. खोडली.

२२ मार्च

माळावर चालून आले. लहानपणी या गवतात आम्ही दोघं हरवायचो — सप्टेंबरात ते डोक्याच्या वर जायचं, आणि आई घरातून घंटा वाजवायची. आता सीडरखाली गवत नाही, फूल नाही, पाखरूही नाही.

आजी म्हणायची, उत्तरेच्या टेकडीत पूर्वी कुणाचं तरी भुयारी घर होतं, पण ती माणसं पहिल्याच थंडीत संपली. आनेश्का मला त्या एका वाक्यातून मिळाली. आजीनं एवढंच सांगितलं म्हणून मीही तिला तेवढंच आयुष्य दिलं.

आज वाटलं, आजीला तरी काय माहीत?

२ एप्रिल

माळ पेटवला! हात अजून धुराचे आहेत, तशीच लिहिते.

सकाळी मी कॉफी गाळत होते तर अंगणात मिलोची गाडी. पाठीमागे पाण्याची टाकी, आग दाबायची रबरी झोडपणी, आणि जुनी तेलाची मशाल. गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"वारा दक्षिणेचा आहे. मंद. उद्या फिरेल."

"बरं मग?"

"मग काय मग? बूट घाल."

शेजारची माणसं पण आली होती, त्यांना त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. मला नाही! उत्तरेच्या कुंपणापाशी सगळे थांबले. मशाल मिलोच्या उजव्या हातात. डावा खिशात. कितीतरी वेळ तो नुसता गवताकडे बघत उभा. मला वाटलं, आता परत फिरणार. मी म्हटलं, "दे, मी लावते."

"तुला पुस्तकातला विस्तव माहीत," म्हणाला, आणि वाकला.

आधी वाऱ्याच्या विरुद्ध एक काळा पट्टा जाळून घेतला, की पुढची आग तिथे येऊन थांबावी. मग दक्षिणेच्या बाजूनं लावली. काय तो आवाज! ओढ्याला पूर यावा तसा. सीडर तर फटाक्यांसारखे उडत होते. मी झोडपणी घेऊन कडेनं पळत होते — या वयात! — आणि रडत होते. धुरानं, असं सगळ्यांना सांगितलं.

संपल्यावर मिलो काळ्या माळावर बसला. डावा हात खिशातून बाहेर होता.

"आई आज असती तर घंटा वाजवली असती," म्हणाला.

३ एप्रिल

कालच्या पळण्यानं अंग मोडून आलंय. काही लिहिलं नाही. सुखात पडून राहिले.

१५ एप्रिल

काळ्यावर हिरवं आलं. एवढ्यात!

आणि टेकडीच्या पोटाशी, जिथे सीडरची दाटी होती, तिथे एक खोलगट खळगा उघडा पडलाय. तोंडाशी चुनखडीचे दगड, रचलेले. तिथून खाली उतारावर हिरव्या तलवारींची रांग निघालीय. आयरिस! सरळ रांग, दोरी धरून लावल्यासारखी. निसर्गाला सरळ रेघ मारता येत नाही. ती माणसाचीच.

रांगेशेजारी गुडघे टेकून बसले. माझ्या फुलांच्या वाफ्यात आयरिस आहेत, मला ठाऊक आहे. एक कांदा लावला तर त्याचं बेट व्हायला काही वर्षं लागतात. मग ते फोडायचं, तुकडे पुढे लावायचे. ते दाटले की परत फोडायचे. ही रांग खळग्यापासून पार ओढ्याच्या वळणापर्यंत जाते. एका उन्हाळ्याचं काम नाही हे. कुणीतरी फोडत गेलं, लावत गेलं. वर्षानुवर्षं.

ती मेली नव्हती! पहिल्या थंडीत तर नाहीच. गुलामासारखी राबली असेल, वाऱ्याला शिव्या दिल्या असतील, पण दर काही वर्षांनी खुरपं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, पुढे लावू या.

धावत घरी आले. आनेश्काचा कडीवरचा हात काढून घेतला. तिला परत चुलीशी बसवलं.

१६ एप्रिल

कॉर्लिसला सांगितलं. तिचा पहिलाच प्रश्न: "मग ती करते काय तीनशे पानं?"

"बाग."

"देवा!"

२३ मे

रांग फुलली. जांभळी, जुनी जात. द्राक्षांसारखा वास. मिलोला ओढून नेलं. टोपी काढून उभा राहिला, चर्चमध्ये राहतो तसा. मग म्हणाला, "विचिटाच्या माणसानं इथेच तळं आखलंय."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"सुगीनंतर सांगतो म्हटलं."

मला वाटत होतं, आगीनंतर तो विषय संपला!

पण लिहिणं धो धो चाललंय. सकाळी बाग, मग कागद. आनेश्कानं ओढ्याकाठची रानटी आलुबुखारं शोधलीत, गोठणारा झरा आणि न गोठणारा झरा शोधलाय. माझ्या बागेत जे घडतं ते दोन दिवसांनी तिच्याकडे घडतं. काल माझ्या वाटाण्यावर ससे पडले. आज तिनं सशांचा रस्सा केला.

७ जून

गावच्या वाचनालयात नव्या पुस्तकातलं वाचून दाखवलं. पहिलं प्रकरण — आनेश्का बैलगाडीतून उतरते. "समोर माळ पसरला होता, रिकामा, जणू देवानं कुणाची तरी वाट बघत ठेवलेला." माझं लाडकं वाक्य!

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. खोकल्यात दडवलेलं नाही — चांगलं मोकळं हसू.

वाचन संपल्यावर ती पुढे आली. माझ्याच वयाची, रुंद, पायात धावायचे बूट, हातात लिंबूवडीची बशी. "माफ कर. पण रिकामा म्हणालीस ना, म्हणून."

"का?"

"आम्हाला हाकलल्यावर रिकामा दिसणारच की, बाई!"

ऑर्लीन पेपिन. इथल्या मूळच्या कॉ लोकांपैकी. दक्षिणेला, ओक्लाहोमात राहते. नर्स होती, आता निवृत्त. मुलीकडे आली होती, कंटाळून वाचनालयात शिरली. अठराशे त्र्याहत्तरच्या जूनमध्ये तिच्या लोकांना इथून गाड्यांत घालून दक्षिणेला नेलं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. शाळेत असताना धड्यात एक ओळ होती. माझी आनेश्का बहात्तरच्या वसंतात उतरते! म्हणजे एक वर्षभर ते इथेच होते, आणि माझ्या तीनशे पानांत त्यांच्यातलं एक माणूस नाही.

"माळ बघायला येतेस?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"खायला काय आहे?"

९ जून

ऑर्लीन आली. मिलोही आला — कोलाच्यांसाठी, म्हणाला.

मी तिच्याकडे सारखी बघत होते. तिच्या लक्षात आलं. "इथे पाऊल टाकल्यावर मला काहीतरी जाणवेल, असं वाटतंय ना तुला?"

मी गोरीमोरी झाले.

"जाणवतंय. टाचा दुखतायत."

मिलो हसला! माझा भाऊ, मोठ्यानं!

तिला आयरिसची रांग दाखवली. बघितली, छान म्हणाली, पण थांबली नाही. पुढे ओढ्याच्या वळणावर, दगडाखालून येणारा झरा आणि त्याच्या भोवतीची आलुबुखारांची जाळी दिसली, तिथे मात्र चालता चालता थांबली. ओंजळीनं पाणी प्यायली.

"माझी आजी एक झरा सांगायची," ती म्हणाली. "तिला तिच्या आजीनं सांगितलेला. दगडाखालचा, आलुबुखारांच्या बनातला. पोरं तिथे तोंड माखून यायची."

मी ओरडलेच. "हाच!"

"असे झरे या टेकड्यांत शंभर असतील, आर्डिस. हाच आहे असं मी म्हणणार नाही. तूही लिहू नकोस."

घरी येताना मिलो तिच्याबरोबर मागे चालत होता. ऐकू येत होतं. तो आगीबद्दल सांगत होता — वारा कसा फिरला, हात कसा. मला इतक्या वर्षांत पुरतं सांगितलं नाही त्यानं! ती म्हणाली, "आमची माणसंही वसंतात पेटवायची. बायसनच्या कळपांसाठी, कोवळं गवत यावं म्हणून. तुम्हाला काय वाटलं, ही अक्कल तुमच्या आजोबांनी जहाजातून आणली?"

मिलो म्हणाला, "आजोबांनी फक्त कोबी आणला."

११ जून

"रिकामा" शब्द खोडला. खोडल्यावर सगळं पहिलं प्रकरण सैल झालं, स्वेटरचा एक धागा ओढावा तसं. बसलेय उसवत.

६ जुलै

भयंकर उकाडा. टोमॅटोला बांबूंचा आधार दिला. नवं प्रकरण लिहून ऑर्लीनला पाठवलं होतं: आनेश्काला थंडीत खायला नाही; एक कॉ बाई येते, कंद देते, ते कसे खणायचे दाखवते, निघून जाते. लिहिताना मीच भारावले होते!

आज तिचा फोन. "वाचलं. कुठे जाते ती?"

"कोण?"

"तुझी ती कंदवाली. येते, देते, धुक्यात जाते. तिला घर नाही? पोरं नाहीत? तिच्या घरी त्या थंडीत खायला आहे का? नसणार, ठाऊक आहे ना तुला? आणि नाव काय तिचं?"

मी पानं चाळायला लागले.

"तुझ्या बैलालासुद्धा नाव आहे, आर्डिस."

रागानं फोन ठेवला. बागेत जाऊन काकडीचे वेल उगीचच विंचरले. तासाभरानं मीच फोन केला. "नाव तू सांग."

"मी नाही सांगणार. आमच्या भाषेतली नावं अशी कुणालाही वाटून टाकायची नसतात. पण तिला एक वाईट खोड दे. सगळ्या चांगल्या बायका बघून मला झोप येते."

२ ऑगस्ट

खोड सापडली — ती उधार नेलेली वस्तू परत करत नाही! आनेश्काची कढई नेलीय. आनेश्का ती मागायला झऱ्यापलीकडे जाते, आणि पहिल्यांदा तिचं घर बघते: आजारी म्हातारा, दोन मुली, कढईत शिजत असलेलं अगदी थोडं. कढई न घेता परत येते. मग दोघी भांडतात, मोडक्यातोडक्या शब्दांत, खाणाखुणांनी, आणि माझ्या पुस्तकात पहिल्यांदा कुणीतरी हसतं.

कॉ बाईला मी नाव दिलं नाही, पण आनेश्का तिला जी हाक मारते ती दिली: "ए शेजारणी!"

२४ ऑगस्ट

आलुबुखारं पिकली. ऑर्लीन खास त्यासाठी आली, बादली घेऊन. तिघं मिळून तोडत होतो, हात ओरबाडून रक्त. मिलो उंचावरची काढून तिच्या बादलीत टाकत होता, माझ्या नाही!

दुपारी ओसरीवर मुरंबा उकळत असताना मी नवं प्रकरण वाचून दाखवलं. त्र्याहत्तरचा जून. गाड्या भरल्यात. शेजारीण जाताना कढई परत आणून देते. आनेश्का म्हणते, असू दे, वाटेत लागेल. ती म्हणते, आम्ही परत आलो की घेऊ. आणि आनेश्का ओढ्याच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर चालत जाते; पुढे जाववत नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी लावलेल्या आयरिसच्या कांद्याला वर्षभरात आलेला पहिला फुटवा काढते आणि त्या वाटेच्या दिशेनं पुढे लावते.

वाचून संपलं. मुरंबा खाली लागला, कुणालाच कळलं नाही.

ऑर्लीन चष्मा पुसत होती. "बरं आहे," म्हणाली. "ही शेजारीण खरी वाटते. निदान हिचे पाय जमिनीवर आहेत."

मिलो पुस्तकं वाचत नाही. माझं एकही वाचलेलं नाही. बूट घालता घालता त्यानं विचारलं, "मग आले का ते परत?"

"कुठे?" ऑर्लीन म्हणाली. "यायला जागा कुठे होती?"

त्यानं नाड्या बांधल्या. गाडीपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला, माळाकडे तोंड करून.

१४ सप्टेंबर

गवत डोक्याच्या वर गेलं! तांबूस, वाऱ्यावर लाटा. माळावर आत शिरले आणि मुद्दाम हरवले. कितीतरी वर्षांनी.

२९ सप्टेंबर

पुस्तक कॉर्लिसकडे गेलं. आनेश्का म्हातारी होते, शेवटच्या पानावर आयरिस फोडत बसलेली असते. मेली नाही ती नाहीच.

३ ऑक्टोबर

कॉर्लिस. "आर्डिस, कुणी मरत नाही यात."

"हो."

"पण मी त्या कढईशी रडले. ऑफिसात. सगळ्यांसमोर." नाक ओढल्याचा आवाज. "एक शब्द बदलू नकोस."

ओरडावंसं वाटलं. ओरडले! कोंबड्या उडाल्या.

९ ऑक्टोबर

विचिटाचा माणूस आला होता. मिलोनं त्याला कुंपणाशीच परत पाठवलं. मी विचारलं, काय सांगितलंस? "नाही म्हटलं." का? "सांगतो." आणि कोबी नेला.

१७ ऑक्टोबर

मिलो वकिलाकडून आला. टेबलावर कागद ठेवले. "उत्तरेचा माळ ऑर्लीनच्या लोकांना. माझा अर्धा मी दिला, आर्डे. तुझा तुझ्या हातात आहे."

मला द्यावासा वाटला नाही — लिहिते, कारण इथे खोटं लिहून काय उपयोग! पुस्तकात आनेश्काला शेजारणीबरोबर झरा वाटून घ्यायला लावणं सोपं होतं, दोन पानं पुरली. दुपारभर गाजरं खणली. मग हात धुतले, सही केली.

ऑर्लीनला फोन मी केला. सांगितलं. पलीकडे काहीच नाही.

"आहेस का गं?"

मग तिचा आवाज आला.

"आहोत."